ॲप उघडं असताना सायरन, बंद असताना नुसतं ‘टुण’: रात्रीच्या लाइटची सूचना कशी वाजवायची

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीत तुम्ही सिमकार्डवालं एक छोटं यंत्र बसवलं आहे. थ्री-फेज आली की ते सर्व्हरला कळवतं, सर्व्हर फायरबेस या गूगलच्या संदेशसेवेमार्फत वडिलांच्या अँड्रॉइड फोनवर संदेश धाडतो आणि तुमच्या ॲपमधला मीडियाप्लेअर (आवाज वाजवणारा अँड्रॉइडचा तयार क्लास, म्हणजे कोडचा भाग) सायरनची फाइल वाजवतो. ॲप उघडं असलं की सायरन दणक्यात वाजतो. फोन लॉक असला की नुसतं ‘टुण’ होतं. मध्यरात्री लाइट आली तर बरेचदा तेही होत नाही. फाइल बदलली तरी जुनाच आवाज येत राहतो. आणि तुम्ही विचारता, मीडियाप्लेअर सोडून दुसरा कुठला क्लास वापरू?

क्लास बदलून यातलं काहीच सुटणार नाही. तुमचा मीडियाप्लेअरचा कोड चांगला आहे. ॲप उघडं असताना तो वाजतो, तेवढा पुरावा पुरे. बाकीच्या वेळी एकतर त्या कोडपर्यंत काही पोचत नाही, किंवा पोचलं तरी आवाज भलत्याच व्हॉल्यूमवर निघतो. तुमच्यापुढचा खरा प्रश्न वेगळा आहे: माणूस झोपलेला, फोन लॉक केलेला, कदाचित सायलेंटवर, तुमचं ॲप मेमरीत नाही, अशा वेळी आवाज कोणी वाजवायचा आणि कोणत्या अधिकाराने?

मी शीतगृहांचं तापमान, पाण्याच्या टाक्यांची पातळी, पंप अशा ठिकाणच्या इशाऱ्यांची ॲप करतो. त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. इशाऱ्याचा आवाज शक्यतो ॲपने स्वतः वाजवू नये. हा आवाज कशासाठी आहे हे सिस्टीमला नीट सांगावं आणि वाजवायचं काम तिच्यावर सोपवावं. ॲप मेलेलं असलं तरी सिस्टीम जिवंत असते. पुढचं सगळं याच मुद्द्याभोवती आहे. फोन कोणत्या कंपनीचा, अँड्रॉइड कितवी, वडिलांनी सेटिंगमध्ये काय करून ठेवलं आहे आणि घरात रात्री रेंज असते का, यावर काही गोष्टी अवलंबून राहतील. त्या मी जागोजागी सांगतो.

आधी त्या ‘टुण’कडे येऊ. फायरबेसच्या संदेशात दोन प्रकारचा मजकूर जाऊ शकतो, ‘नोटिफिकेशन’ आणि ‘डेटा’. नोटिफिकेशन हा भाग पाठवला आणि ॲप समोर उघडं नसलं, तर तो संदेश तुमच्या कोडकडे येतच नाही. फायरबेसची लायब्ररी परस्पर सूचना दाखवते. त्या सूचनेला चॅनल, म्हणजे आवाजाची सेटिंग ठरवणारा सूचनांचा गट, नेमून दिलेलं नसेल तर ती एका साध्या, आपोआप बनलेल्या चॅनलमध्ये पडते आणि त्या चॅनलचा आवाज म्हणजे फोनचा नेहमीचा आवाज. ॲप उघडं असताना मात्र ‘ऑनमेसेजरिसीव्ह्ड’, म्हणजे संदेश आल्यावर चालणारा तुमचा कोड, चालतं, म्हणून तुमचा सायरन वाजतो. तुम्ही लिहिलेली लक्षणं याच्याशी तंतोतंत जुळतात. उपाय सर्व्हरवर आहे: नोटिफिकेशन हा भाग काढून टाका आणि फक्त डेटा पाठवा, म्हणजे ॲप मागे असलं तरी तुमचा कोड उठवला जाईल. त्या कोडने मीडियाप्लेअर सुरू करू नये, सूचना तयार करून सिस्टीमच्या हवाली करावी. तिचा आवाज कसा ठरवायचा ते पुढे सांगतो.

आता रात्रीची शांतता. इथे दोन कारणं एकत्र काम करत असावीत. पहिलं कारण डोझ, म्हणजे फोनची बॅटरी वाचवणारी झोप. अँड्रॉइड ६.० पासून, म्हणजे २०१५ पासून, फोन चार्जिंगला नसला, हलत नसला आणि स्क्रीन बंद असली की काही वेळाने सिस्टीम ॲपचं नेटवर्क आणि कामं थांबवते आणि मधूनमधून थोडा वेळ मोकळीक देते. उशाशी ठेवलेला फोन रात्री याच अवस्थेत असतो. साध्या प्राधान्याचा संदेश त्या मोकळ्या खिडकीची वाट पाहत बसतो. ‘हाय’ प्राधान्याचा लगेच पोचतो. वडिलांना एवढं विचारा की ज्या रात्री फोन चार्जिंगला लावलेला असतो त्या रात्री आवाज येतो का. उत्तर ‘हो’ असेल तर तुमचा सर्व्हर संदेश साध्या प्राधान्याने पाठवतो आहे, असं धरून चाला.

हाय प्राधान्य लावताना एक पथ्य पाळा. असे संदेश वारंवार पाठवले आणि त्यातून माणसाला दिसणारी सूचना तयार झाली नाही, तर फायरबेस तुमच्या ॲपचे संदेश साध्या प्राधान्यावर उतरवू शकतो. म्हणून व्होल्टेजची दर मिनिटाची आकडेवारी या वाटेने धाडू नका. ती ॲप उघडल्यावर सर्व्हरकडून मागवता येते. ही वाट ‘लाइट आली’ आणि फार तर ‘मोटार कोरडी चालते आहे’ यांच्यासाठीच राखून ठेवा.

याच ठिकाणी संदेशाचं आयुष्यही ठरवा. तुम्ही काही सांगितलं नाही तर फायरबेस न पोचलेला संदेश चार आठवड्यांपर्यंत जपून ठेवतो. म्हणजे वडिलांचा फोन रात्रभर रेंजबाहेर राहिला, तर सकाळी रेंज येताच ‘लाइट आली’ म्हणून सायरन सुरू होईल, आणि तेव्हा लाइट गेलेली असेल. असं एकदोनदा झालं की माणसाचा ॲपवरचा विश्वास उडतो आणि मग खरा इशाराही दुर्लक्षित होतो. मी तुमच्या जागी असतो तर आयुष्य एक तास ठेवलं असतं. शिवाय डेटामध्ये लाइट आल्याची वेळ पाठवली असती आणि कोडमध्ये ती तपासून, फार जुनी असेल तर आवाज न करता नुसती नोंद दाखवली असती. विहिरीवरच्या यंत्रालाही थोडं थांबायला शिकवा. लाइट येते-जाते-येते हे तुम्हाला मी सांगायला नको. तिन्ही फेज दोन-तीन मिनिटं स्थिर राहिल्यावरच कळवलं, तर रात्री तीनदा उठून बसायची वेळ येणार नाही.

शांततेचं दुसरं कारण व्हॉल्यूम. अँड्रॉइडमध्ये गाण्यांचा, रिंगचा, सूचनांचा आणि अलार्मचा आवाज वेगवेगळ्या पट्ट्यांवर चालतो. काहीही न सांगता मीडियाप्लेअर लावला की आवाज गाण्यांच्या पट्टीवर जातो. संध्याकाळी कीर्तनाचा व्हिडिओ पाहून आवाज शून्यावर नेला असेल, तर रात्री तुमचा सायरन ‘वाजतो’, पण ऐकू येत नाही. सूचनेच्या पट्टीवरचा आवाज फोन सायलेंट केला की बंद. दोन्हींतून सुटणारी पट्टी एकच, अलार्मची. पहाटे उठायचा गजर सायलेंटवरच्या फोनमध्येही वाजतो तो तिच्यामुळेच. तुमचं काम त्याच जातीचं आहे: झोपलेल्या माणसाला, त्याच्याच सांगण्यावरून, उठवायचं आहे. म्हणून ‘ऑडिओॲट्रिब्यूट्स’मध्ये ‘यूसेज अलार्म’ लावा. अँड्रॉइड ५.० पासून आवाजाचा हेतू असाच सांगायचा असतो. याचा एक फायदा सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. कानात किंवा शेजारी ब्लूटूथ इअरफोन जोडलेला राहिला असेल तर गाण्यांच्या पट्टीवरचा आवाज फक्त त्यातूनच निघतो. अलार्म मात्र फोनच्या स्पीकरमधूनही वाजतो. ‘डू नॉट डिस्टर्ब’मध्येही बहुतेक फोनवर अलार्मला मुभा असते. ‘संपूर्ण शांतता’ निवडली असेल तर तोही गप्प राहतो, आणि ते योग्यच आहे.

अलार्मची पट्टीच कमी असेल तर कोडमधून ती परस्पर वाढवावी का? करता येतं, पण मी करत नाही. फोन माणसाचा आहे. मी ॲप उघडताना पट्टी कुठे आहे ते पाहतो आणि खूप खाली असेल तर पहिल्याच पडद्यावर ठळक लिहितो: ‘अलार्मचा आवाज कमी आहे, रात्री ऐकू येणार नाही.’ शेजारी ‘आवाज तपासा’ हे बटण देतो. ते दाबलं की खऱ्या इशाऱ्याच्याच वाटेने, म्हणजे त्याच चॅनलमधून, सायरन वाजतो. माझ्या मते या ॲपमधलं सगळ्यात महत्त्वाचं बटण हेच. वडील रात्री निजण्याआधी ते एकदा दाबून निर्धास्त होतील.

चौथं लक्षण, फाइल बदलूनही जुनाच आवाज. अँड्रॉइड ८.० पासून, २०१७ पासून, सूचनेचा आवाज सूचनेला चिकटलेला नसतो, तो चॅनलला चिकटलेला असतो. चॅनल एकदा तयार झालं की त्याचा आवाज बदलायचा हक्क ॲपकडे राहत नाही. तो फक्त वापरणाऱ्या माणसाकडे, फोनच्या सेटिंगमध्ये. चॅनल पुसून त्याच ओळखनावाने पुन्हा बनवलं तरी जुनी सेटिंग परत येते. टेस्टिंग करताना डेव्हलपर फाइल बदलत राहतात आणि इथेच तासन्‌तास अडकतात. उपाय साधा आहे: आवाज बदलायचा असेल तर नव्या ओळखनावाचं चॅनल बनवा, ‘लाइट_१’ च्या जागी ‘लाइट_२’, आणि जुनं पुसून टाका. प्रकाशित ॲपमध्ये हे वरचेवर करू नका, कारण माणसाने आपल्या सोयीने केलेले बदलही त्यासोबत जातात.

चॅनलला फाइल जोडताना आणखी एक खाचखळगा आहे, आणि तो महिनोन्‌महिने दिसत नाही. फाइल ॲपच्या संसाधनांच्या (सोबत जाणाऱ्या फाइल वगैरेंच्या) ‘रॉ’ फोल्डरमध्ये ठेवायची. नावात छोटी इंग्रजी अक्षरं, अंक आणि अधोरेषा एवढंच चालतं. तिचा पत्ता दोन प्रकारे देता येतो, संसाधनाच्या आकडी क्रमांकाने किंवा नावाने. बहुतेक जण क्रमांक वापरतात. पण ॲपच्या पुढच्या आवृत्तीत नवी संसाधनं आली की हे क्रमांक बदलू शकतात, आणि चॅनलने मात्र जुना क्रमांक धरून ठेवलेला असतो. मग अपडेटनंतर सायरन हरवतो. म्हणून पत्ता नावाने द्या. नावाने दिला की वेगळी अडचण: रिलीज बिल्डमध्ये, म्हणजे लोकांना द्यायच्या आवृत्तीत, न वापरलेली संसाधनं छाटणारं साधन चालू असेल, तर त्याला ती फाइल कुठे वापरली आहे हे दिसत नाही आणि ते ती रिकामी करून टाकतं. डीबग बिल्डमध्ये, म्हणजे चाचणीच्या आवृत्तीत, वाजतं, रिलीजमध्ये नाही, अशी तक्रार आली की मी आधी हेच पाहतो. काय छाटू नये हे सांगणाऱ्या ‘कीप’च्या फाइलमध्ये तिचं नाव लिहून ठेवलं की काम झालं. फ्लटर या गूगलच्या ॲप बनवायच्या साधनात लिहीत असाल तर ‘ॲसेट्स’ फोल्डरमधली फाइल या कामाला चालत नाही. तीसुद्धा अँड्रॉइडच्या ‘रॉ’मध्येच लागते.

चॅनल ‘हाय’ महत्त्वाचं ठेवा आणि सूचनेची श्रेणी ‘अलार्म’ ठेवा. साधी सूचना एकदाच वाजते, त्याने गाढ झोपेतला माणूस उठणार नाही. त्यासाठी सूचनेवर ‘इन्सिस्टंट’ ही खूण लावता येते. ती लावली की सूचना बंद करेपर्यंत किंवा सूचनांचा पडदा खाली ओढेपर्यंत आवाज पुन्हा पुन्हा वाजत राहतो, आणि त्यासाठी तुमची सर्व्हिस जिवंत ठेवावी लागत नाही. सोबत ‘सेटटाइमआउटआफ्टर’ने दोन मिनिटांची मर्यादा घाला. फोन घरी राहिला आणि माणूस बाहेर असला तर घरातल्या बाकीच्यांनी किती सोसायचं? सूचनेत एकच मोठं बटण द्या, ‘उठलो’. ते दाबल्याचं सर्व्हरला कळवलंत तर भावाच्या फोनवर वाजणारा सायरनही थांबवता येईल. आवाज हळूहळू वाढवत न्यायचा असेल, तर मात्र फोरग्राउंड सर्व्हिस (सूचना दाखवत मागे चालू राहणारं ॲपचं काम) आणि मीडियाप्लेअर लागतील. हाय प्राधान्याच्या संदेशानंतर ती सर्व्हिस मागून सुरू करायची मुभा मिळते. पण कोड वाढतो, आणि पहिल्या आवृत्तीला त्याची गरज नाही.

आवाज कोणता घ्यावा हे तुम्ही विचारलेलं नाही, पण मी सांगणारच, कारण बहुतेक जण इंटरनेटवरून पोलीस गाडीचा सायरन उतरवतात आणि पुढे जातात. आग लागल्यावर वाजणाऱ्या घंटांवर झालेल्या अभ्यासात असं दिसलं की झोपलेल्यांना, विशेषतः वयस्कर आणि कमी ऐकू येणाऱ्या माणसांना, ३,१०० हर्ट्झच्या आसपासच्या बारीक किंचाळीपेक्षा ५२० हर्ट्झची चौकोनी लहर जास्त भरवशाने उठवते. अमेरिकेतल्या ‘एनएफपीए ७२’ या आगीच्या इशाऱ्यांच्या संहितेत झोपायच्या खोल्यांसाठी हीच कमी कंपनसंख्या धरली आहे. वयानुसार उंच स्वर आधी ऐकू येईनासे होतात, हे त्यामागचं एक कारण. फोनचा स्पीकर चिमुकला असल्यामुळे खालचे स्वर तो नीट काढत नाही, हे खरं. पण चौकोनी लहरीत १,५६० आणि २,६०० हर्ट्झचे वरचे स्वरही आपोआप येतात, आणि ते फोनला चांगले जमतात. ऑडॅसिटीसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये अशी लहर दोन मिनिटांत तयार होते. अर्धा सेकंद आवाज, अर्धा सेकंद शांतता, असा तुटक ठेवा. सलग आवाजाला कान लवकर सरावतो. फाइल ओजीजी ठेवा. एमपीथ्रीमध्ये सुरुवातीला आणि शेवटी थोडी मोकळी जागा राहते, ती पुनरावृत्तीत खटकते.

परवानग्यांचं लवकर आटोपतो. अँड्रॉइड १३ पासून सूचना दाखवायला माणसाची परवानगी लागते. ती नाकारली असेल तर वरचं सगळं व्यर्थ आहे, म्हणून ॲप उघडताना दर वेळी तपासा. लॉक स्क्रीनवर पूर्ण पडदा दाखवायची परवानगी अँड्रॉइड १४ पासून कॉल आणि अलार्मच्या ॲपपुरती ठेवली आहे. तुमचं ॲप गजराच्या जातीचं आहे असं मला वाटतं, पण प्ले स्टोअर काय म्हणेल ते सांगता येत नाही, तेव्हा पूर्ण पडद्यावर विसंबू नका.

बॅटरी वाचवण्याच्या नावाखाली काही कंपन्यांचे फोन ‘अलीकडची ॲप’मधून बाजूला सारलेलं ॲप सक्तीने बंद करतात. सक्तीने बंद झालेल्या ॲपला, ते पुन्हा हाताने उघडेपर्यंत, फायरबेसचे संदेशही मिळत नाहीत. कोडने याच्यावर मात करता येत नाही. त्या फोनच्या बॅटरी सेटिंगमध्ये तुमच्या ॲपला मोकळीक द्यावी लागते, आणि ती कुठे असते हे मॉडेलनुसार बदलतं. वडिलांच्या फोनवर तुम्ही स्वतः बसून करा. गावात इतरांना ॲप देणार असाल तर त्यांच्या फोनवरचे पडदे मराठीत समजावणारं एक पान ॲपमध्येच ठेवा.

बटण दाबल्याचा ‘टिक’, नोंद झाल्याचा छोटा स्वर, असले ॲप समोर असतानाचे आवाज ही वेगळी गोष्ट आहे. त्यांना साउंडपूल हा छोट्या आवाजांचा क्लास योग्य. फक्त ‘लोड’ म्हटल्याबरोबर ‘प्ले’ म्हणू नका. फाइल मेमरीत येईपर्यंत ते निमूट अपयशी होतं. लोड पूर्ण झाल्याची सूचना येऊ द्या. नुसता बीप हवा असेल तर टोनजनरेटर फाइलशिवायही काढून देतो.

म्हणजे तुमच्यासाठी कामाचा क्रम असा लागतो: सर्व्हरवर फक्त डेटा, हाय प्राधान्य, एका तासाचं आयुष्य, ॲपमध्ये नव्या ओळखनावाचं चॅनल, अलार्मचा हेतू, नावाने दिलेली फाइल, इन्सिस्टंट खूण आणि दोन मिनिटांची मर्यादा, मग परवानगी आणि बॅटरीची तपासणी.

टेस्टिंग टेबलावर फोन उघडा ठेवून करू नका. एडीबी, म्हणजे संगणकावरून फोनला आज्ञा देणारं साधन, त्याच्या ‘डम्पसिस डिव्हाइसआयडल फोर्स-आयडल’ या आज्ञेने फोन सक्तीने डोझमध्ये घालता येतो. आधी ‘डम्पसिस बॅटरी अनप्लग’ द्या, म्हणजे केबल जोडलेली असूनही फोनला चार्जिंग नाही असं वाटेल. त्यानंतर सायलेंट करा, गाण्यांचा आवाज शून्यावर न्या, ॲप अलीकडच्या यादीतून सारून टाका आणि सर्व्हरवरून संदेश सोडा. संपल्यावर बॅटरी ‘रीसेट’ करायला विसरू नका. हे सगळं रिलीज बिल्डवर, वडिलांच्याच फोनवर करा.

घरात कुणाकडे आयफोन असेल तर अपेक्षा कमी ठेवा. तिथे सूचनेचा आवाज ३० सेकंदांच्या आतलाच लागतो, मोठी फाइल दिली तर नेहमीचा आवाज वाजतो, आणि सायलेंट केलेल्या फोनवर तोही नाही. सायलेंट भेदून वाजणारे ‘क्रिटिकल अलर्ट’ २०१८ च्या आयओएस १२ पासून आहेत, पण त्यासाठी ॲपलकडून खास परवानगी मागावी लागते.

शेवटचा मुद्दा कोडबाहेरचा आहे. रात्रीची पाळी चुकली तर पिकाचं पाणी चुकतं, आणि इंटरनेटवरून येणाऱ्या सूचनेवर एवढं सगळं टांगणं मला पटत नाही. लाइट येताच मोटार आपोआप सुरू करणारे स्विच मिळतात, पण परिसरातल्या सगळ्या मोटारी एकदम सुरू झाल्या की डीपीवर ताण येतो, आणि दारे धरायला माणूस तर जावंच लागतं. तुमच्या यंत्रात सिमकार्ड आहेच. संदेश गेल्यावर पाच मिनिटांत ‘उठलो’ आलं नाही तर यंत्राने वडिलांच्या नंबरवर सरळ कॉल करावा, आणि उचलला नाही तर लगेच पुन्हा करावा. ‘डू नॉट डिस्टर्ब’मध्ये १५ मिनिटांच्या आत त्याच नंबरवरून आलेला दुसरा कॉल वाजू देण्याची सोय असते, तेवढी चालू करून ठेवा, साधा सायलेंट असेल तर मात्र कॉलही गप्प राहील. सिम केवळ डेटाचं असेल तर ते बदलून घ्यावं लागेल. आधी ते तपासा आणि फोनचं मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती आणि सर्व्हरवरून जाणारा संदेश जसाच्या तसा इथे टाका, म्हणजे पुढचं नेमकं सांगता येईल.